ताटावरचं नाव

"यंदा फराळाची ताटं बंद, एवढंच लिहिलंय मी. यात चुकलं कुठे, माय?"

प्राध्यापक उकिडव्यांनी कागद पुढे धरला.

तुळसामायनं तो घेतला नाही. मठाच्या ओसरीत चुलीपुढे बसून ती कढईत एकच अनारसा सोडत होती. खसखशीची बाजू वर.

गणपती उठले तेव्हापासून गल्लीतल्या मागांची खटखट थांबली होती. कापडाला उठाव नव्हता. आज वसुबारस, पण एकाही दारात कंदील नव्हता, एकाही घरातून तळणाचा वास नव्हता. पाच वाजता मारुतीच्या पारावर बैठक होती, आणि उकिडवे सर म्हणतील ते गल्ली मानणार होती. अर्थशास्त्राचे विभागप्रमुख म्हणून निवृत्त झालेला माणूस. मंदीवर दोन पुस्तकं त्यांच्या नावावर.

तरी सकाळपासून तो कागद त्यांनी चार वेळा फाडून पुन्हा लिहिला होता.

"मंदी म्हणजे काय हो, मास्तर?" मायनं विचारलं.

"सगळे व्यवहार मंद होणं."

"मंद ना? विझणं नाही?"

"नाही, पण…"

"अनारसा मंद आचेवरच जाळी धरतो."

सरांचे कान लाल झाले. "माय, ही थट्टेची वेळ नाही. ज्याच्या घरी काही नाही त्यानं ताटात काय घालायचं? शेजारणीनं ताट पाठवलं तर ते रिकामं परत करता येत नाही, ही इथली रीत. म्हणून मग कुणी पाठवतच नाही. एक दुसऱ्याला भितो, दुसरा तिसऱ्याला. मी म्हणतो, रीतच बंद करू. कुणाची मान खाली जायला नको."

"कुणाची?"

"गल्लीची."

माय झाऱ्यानं अनारशावर तूप उडवत राहिली.

"मास्तर, तुमच्याकडे कुणाकुणाची ताटं आहेत?"

सरांनी कागदाची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली.

"माझी उमा गेली, त्या दिवाळीत आली होती," ते हळूच म्हणाले. "म्हेत्र्यांचं, बागवानांचं… बरीच आहेत. मला काही करता येत नाही. रिकामी कशी देऊ?"

"साखर नव्हती घरात? चिमूटभर?"

"तेवढ्यानं… बरं दिसलं नसतं."

"हं," माय म्हणाली. "घेऊन या."

कागद चुलीपाशीच ठेवून सर घरी गेले. फडताळात मागे दडवलेली ताटं छातीशी धरून आले. प्रत्येकाच्या काठावर नाव कोरलेलं. तीन वर्षांची धूळ त्यांच्या सदऱ्याला लागली होती.

मायनं एकेक ताट राखेनं घासलं, धुतलं, पुसलं. सगळ्यात वर म्हेत्र्यांचं ठेवलं आणि त्यावर धुतलेला फडका घातला.

"चला. पोचवा."

"आणि आत?"

"आत काय?"

"माय, रिकामं ताट! लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, मास्तरांकडे काही नाही." तिनं मान वर केली. "खोटं आहे का?"

सरांना परत घरी जावंसं वाटलं. व्याख्यानाच्या आधी वाटायचं, तसं. आपण लिहिलेलं सगळं चूक असेल, समोरच्या बाकावर कुणाला तरी ते कळलेलं असेल… पण हात भरलेले होते. घाम पुसायलाही मोकळे नव्हते. ते निघाले.

शेवंता म्हेत्रे दारातच उभी होती. सरांच्या हातात झाकलेलं ताट बघून ती गोंधळली. तिनं फडका उचलला.

"अगं बाई, माझ्या लग्नातलं ताट! …आणि रिकामं?"

"रिकामं," सर म्हणाले. "मला काही करता येत नाही, शेवंताबाई. लाजेनं ठेवून घेतलं होतं."

शेवंता बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"अहो सर, आठ दिवस मी घरात हेच रडतेय, मूठभर चिवडा कसा पाठवू म्हणून! थांबा!"

ती आत पळाली. त्याच ताटात मूठभर चिवडा घालून बाहेर आली, आणि सरांना ओलांडून थेट पलीकडच्या दारावर थाप मारली.

"ए पद्माक्का, दार उघड! सर गल्लीभर रिकामी ताटं घेऊन हिंडताहेत आणि आपण मेल्या लाजतोय!"

"काय घेऊन?"

"रिकामी गं! विभागप्रमुख!"

दारं उघडायला लागली. कुणी चार शंकरपाळे घातले, कुणी नुसता गूळ. कुणाच्या तरी घरात तेल तापलं, पहिली चकली पडली, आणि तो वास गल्लीत शिरल्याबरोबर पलीकडून ओरडा आला, "आमच्याकडे भाजणी आहे, तुमची कढई चालू ठेवा!" जुना, फाटका कंदील माळ्यावरून खाली निघाला. कुणी त्याचा कागद चिकटवायला खळ शिजत ठेवली.

सर चालत नव्हते आता, धावत होते. चपलेचा अंगठा तुटला, तरी.

शेवटचं ताट बागवानांचं. बिल्किसभाभींनी ते घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात दुसरंच ताट होतं.

"सर… हे तुमचं."

काठावर नाव होतं. सौ. उमा त्र्यं. उकिडवे.

"वहिनींनीच पाठवलं होतं, शेवटच्या दिवाळीला. पुढं त्या गेल्या. त्यांच्या ताटात काय घालून द्यावं, कळेना. रिकामं द्यायची हिंमत नव्हती." भाभींनी पदरानं काठ पुसला. "आज तुम्हीच रिकामं आणलंत, म्हणून…"

सरांनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

मठात आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. मायनं अनारसा काढला होता. नितळायला खाली कागद घातला होता, त्यांचाच. तुपाचा डाग "बंद" या शब्दावर पसरत चालला होता. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

"माय…" त्यांचा अंगठा त्या कोरलेल्या नावावर होता. "माय, हे एक रिकामंच आलंय."

गल्लीतून कुणीतरी हाक मारत होतं, "सर! अहो सर, कुठं गेलात? तुमचं ताट आणा की!"

माय चुलीत लाकूड सारत होती. तिनं वळूनही पाहिलं नाही.

"मग उभे का, मास्तर? पळा!"