मुंगसाची दहावी पायरी

बालमित्रांनो, डोंगरउतारावरच्या एका जंगलात एक मुंगूस कराटे शिकवत असे. सशापासून कोल्ह्यापर्यंत सगळे त्याच्याकडे शिकायला येत आणि त्याला ‘सर’ म्हणत. काळ्या पट्ट्याच्या नऊ पायऱ्या त्याने पार केल्या होत्या. दहावी, म्हणजे सर्वांत वरची पायरी, त्या जंगलात आजवर कुणालाच मिळाली नव्हती. मुंगूस दोनदा त्या परीक्षेला उतरले आणि दोन्ही वेळा पंचांनी त्याला परत पाठवले. “अजून नाही,” एवढेच ते म्हणाले. मुंगसाने तक्रार केली नाही. पण पुढे कितीतरी दिवस त्याला अन्न गोड लागले नव्हते.

तिसऱ्या परीक्षेच्या दिवशी सारे जंगल माळावर लोटले. म्हातारा गवा, अस्वलीण आणि वानर असे तिघे पंच होते. मुंगसासमोर उभे होते एक तरणेबांड रानमांजर. वानराने नियम सांगितला, “जो सलग तीन पावले मागे हटेल, तो हरला.” सामना सुरू झाला. धूळ उडाली, पायांच्या धपाधप आवाजाने जमीन हादरू लागली. रानमांजराचा एकेक वार चुकवत मुंगूस त्याला मागे रेटत होते. तेवढ्यात कडेच्या वारुळातून एक नाग सळसळत बाहेर आला.

हादऱ्यांनी तो बिथरला होता. प्रेक्षक वाट फुटेल तिकडे पळाले. एक ससा तेवढा सापडला. नागाचे वेटोळे त्याच्या मागच्या पायांभोवती पडले आणि फणा मुंगसावर रोखला गेला. ससा इतका भ्यायला होता, की त्याला ओरडताही येईना. रानमांजर बाजूला सरले, पण पंचांनी सामना थांबवला नव्हता. आता समोरासमोर होते फक्त नाग आणि मुंगूस.

“मारा सर, मारा!” कोल्हा झाडामागून ओरडला. “एका झेपेत संपवाल तुम्ही त्याला!”

मुंगसाच्या अंगावरचा केस न् केस उभा राहिला. नागाची मान उघडी होती. झेप घेतली, तर ती नक्की दातांत आली असती. पण मरता मरता त्याने सशाला दंश केला तर? मुंगसाने उगारलेला पंजा खाली घेतला आणि एक पाऊल मागे टाकले.

“अहो, हे काय करताय?” कोल्हा किंचाळला.

मुंगसाने दुसरे पाऊल मागे घेतले. “घाबरले!” झाडांआड लपलेल्या गर्दीत कुणीतरी हसले. त्या आवाजाने नाग फुत्कारला आणि त्याचा फणा गर्रकन सशाकडे वळला. हसणे जागच्या जागी थांबले. मुंगूस हलक्या आवाजात नागाला म्हणाले, “वाट मोकळी आहे. तुला कुणी हात लावणार नाही.” आणि त्याने तिसरे पाऊल मागे टाकले.

नाग बराच वेळ डोलत राहिला. मग फणा मिटला, वेटोळे सैल झाले आणि तो गवतात दिसेनासा झाला. मुंगूस धावत सशापाशी गेले. कुठे दंश झाला नाही ना, हे त्याने पुन्हा पुन्हा तपासले.

“सलग तीन पावले,” वानर म्हणाले. “सामना संपला.”

“मान्य आहे,” मुंगूस म्हणाले.

गव्याने विचारले, “तुला त्या नागाला मारता आले असते?”

“हो. पहिल्याच क्षणी.”

“मग?”

“ससा वाचेलच, याची मला खात्री नव्हती.”

“आणि दहावी पायरी? ती नको होती?”

मुंगूस म्हणाले, “फार हवी होती. ते शेवटचे पाऊल टाकताना पाय उचलत नव्हता.”

तिघे पंच बाजूला गेले. त्यांचे बोलणे लवकर संपेना. मध्येच वानराचा आवाज चढे, “नियम म्हणजे नियम!” अखेर अस्वलीण पुढे आली.

“सामना तू हरलास, आणि तो हरलेलाच राहील,” ती म्हणाली. “पण मागच्या दोन्ही वेळी आम्हांला तुझे फक्त वार दिसले. चांगले वार तर या रानमांजरालाही येतात. वार करणारा हात तुला आवरता येतो का, हे आम्हांला कळत नव्हते. आज कळले.” आणि तिने मुंगसाच्या काळ्या पट्ट्यावर दहावी खूण बांधली.

कोल्हा मान खाली घालून उभा होता. रानमांजर मात्र हळूच जवळ आले.

“सर, मला एक शिकवाल?”

“कोणता डाव?”

“ते तिसरे पाऊल.”

तात्पर्य : वार करण्याचे बळ सरावाने येते, पण अपमान सोसूनही तो वार जो आवरतो, सर्वोच्च मान त्यालाच शोभतो.