प्रेताचं काम

लंडनच्या एडगर पिल्बीमने तरुणपणी रंगभूमी गाजवली. उतारवयात मात्र टीव्हीवरच्या गुप्तहेर मालिकांत त्याच्या वाट्याला एकच काम येई, खून झालेल्या माणसाचं. गालिच्यावर निपचित पडायचं, बस्स.

एकदा त्याचा असाच शॉट चालू असताना नवे निर्माते क्रॅडक सेटवर आले. मोठे तोऱ्याचे गृहस्थ. एडगरकडे बोट दाखवून भर शॉटमध्ये म्हणाले, "या म्हाताऱ्याचं नाव पडद्यावर कशाला देता? नुसतं पडून राहायला नट कशाला लागतो? ते मीही करीन."

दिग्दर्शिकेने "कट" म्हटल्यावर एडगरने डोळे उघडले, कोट झटकला आणि शांतपणे म्हणाला, "मग करून दाखवा, साहेब. गुप्तहेराची वाक्यं मी म्हणतो."

क्रॅडक ऐटीत आडवे झाले. कॅमेरा सुरू झाला. एडगर प्रेताभोवती एक फेरी मारून म्हणाला, "हे गृहस्थ गेल्याचं कुणालाच दुःख दिसत नाही. राबायचे दुसरे, मिरवायचे हे. आणि डोक्यावरचे केस पाहा, तेही यांचे नाहीत."

"साफ खोटं आहे," असं ओरडत प्रेत ताडकन उठून बसलं. दोन्ही हात टोपावर होते.

एडगरने त्यांना हात देऊन उभं केलं.

"पडून राहणं सोपंच आहे, साहेब. पण मघाशी माझ्याबद्दल तुम्ही बोलत होतात, तेव्हाही कॅमेरा चालू होता. मी उठलो का?"