तहातलं शेवटचं कलम

फार फार जुनी गोष्ट आहे. मुलांनी ऐकावी, आणि जवळपास मोठी माणसं असतील तर त्यांनीही.

एक राणी आणि शेजारचा एक राजा यांच्यात लढाई झाली. पुढे तह झाला आणि सीमेवरची एक टेकडी राणीकडून राजाकडे गेली. त्या टेकडीवर ख्रिस्ती संन्याशांचा शेकडो वर्षांचा दगडी मठ होता. तिथे सात म्हातारे राहत. ते प्रार्थना करत, लिंबाची झाडं जपत आणि कोणत्याही धर्माचा वाटसरू आला तरी त्याला गरम पेज वाढत. त्यांच्यात थोरले होते पावलूबाबा. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून ते सगळ्यांशीच मोठ्याने बोलत आणि मग स्वतःच हसत.

त्या राजाने हुकूम काढला, की मठातली प्रार्थना बंद करावी आणि पावसाळा सरला की मठ पाडून त्याच्या दगडांनी सीमेवर कोट बांधावा.

हे कळताच राणीचे मंत्री खवळले. राणीच्या राजधानीत, विणकरांच्या पेठेत, त्या राजाच्या धर्माचं एक सूर्यमंदिर होतं. त्यालाही कुलूप घालावं, असं मंत्र्यांचं म्हणणं पडलं. राणीने मात्र आधी आपल्या वृद्ध राजदूताला मठात पाठवलं.

पावलूबाबांनी त्याला जेवू घातलं. सगळं दोनदा विचारून समजून घेतलं. मग ते कधी नव्हे इतक्या हळू आवाजात बोलले.

"ते देऊळ बंद करून आमचा मठ वाचणार असेल, तर तो वाचवू नका. मला मग तिथे प्रार्थना सुचायची नाही."

राजदूताने परत येऊन ही हकीकत सूर्यमंदिराच्या पुजाऱ्याला सांगितली. पुजारी लगेच उठला. पागोटं चढवून तो राजदूताबरोबर राजाकडे निघाला.

राजाच्या दरबारात राजदूताने धमकी दिली नाही. त्याने फक्त पुजाऱ्याला पुढे केलं.

"महाराज," पुजारी म्हणाला, "माझ्या मंदिराला कुलूप लागणार होतं. ज्या म्हाताऱ्याने ते नको म्हटलं, त्याचंच घर आपण पाडणार आहात."

"त्याला मठ नकोसा झालाय का?" राजाने विचारलं.

"हवाय, महाराज. फार हवाय."

दुसऱ्या दिवशी राजाने हुकूम मागे घेतला. तहात एक कलम वाढलं. एकमेकांच्या धर्माची प्रार्थनास्थळं दोन्ही राज्यांनी राखायची, आणि कुणी कोणत्या देवाला हाक मारावी यात राज्याने पडायचं नाही.

पुढे त्या दोन राज्यांत पुष्कळ भांडणं झाली. सीमा हलल्या, तह मोडले. पण ते एक कलम कुणी खोडलं नाही.

बोध एवढाच: दुसऱ्याच्या श्रद्धेला जो जपतो, त्याच्या श्रद्धेसाठी दुसराही उभा राहतो.