येसूआजी बाजूला सरकली

खूप जुन्या काळी, डोंगरात रस्ते नव्हते, नुसत्या पायवाटा होत्या, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात येसूआजी नावाची सुईण राहायची. गावातलं आणि वरच्या वाड्यांतलं जवळजवळ प्रत्येक माणूस तिच्याच हातावर जन्माला आलेलं. मोठमोठ्या मिशांचे गडीही तिच्यापुढे मान खाली घालून बोलायचे.

आजी म्हातारी झाली. चढावर गुडघे कुरकुरायला लागले. मग हातही कापायला लागले. ते कुणाला दिसू नये म्हणून ती हात पदराखाली घेऊन बसायची.

तिची सून गजरा बरीच वर्षं तिच्या पाठोपाठ बाळंतिणींच्या घरी जात होती. पाणी तापवायची, फडकी धुवायची आणि सगळं डोळ्यांनी टिपून घ्यायची. बाळाला पहिला हात लावायचा मान मात्र आजीचा.

"आत्या, वरच्या वाडीला आज मी एकटी जाऊन येते. तुम्ही पडा जरा," गजरा म्हणायची.

"मी पडले तर त्या पोरींनी कुणाच्या तोंडाकडं बघायचं?" असं म्हणून आजी काठी उचलायची.

आजीला पोरींची काळजी होती, हे खरंच. पण मनात एक भीतीही होती. उद्या आपल्याला कुणी बोलावलंच नाही, तर आपण कोण उरणार? ही भीती तिने कुणालाही सांगितली नव्हती.

एके सकाळी कुंभाराची सून मैना अडली. दोघी लगबगीने गेल्या. दुपारी बाळाचं डोकं आलं, पण मानेभोवती नाळेचा वेढा पडलेला. असे कितीतरी वेढे आजीने सोडवले होते. नाळेखाली बोट सारायचं आणि वेढा डोक्यावरून अलगद काढायचा. पण आज बोट थरथरत होतं. ते एकदा निसटलं. पुन्हा निसटलं. बाळ निळं पडत चाललं.

"आजी, काय झालं? बोला ना!" मैना कळवळून म्हणाली.

आजीने क्षणभर आपल्या हातांकडे पाहिलं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती बाजूला सरकली.

"गजरा, तू ये. बोट घाल. ओढू नकोस, नुसतं सैल कर."

स्वतः ती मैनेच्या उशाशी बसली. तिचं डोकं मांडीवर घेऊन केसांवरून हात फिरवू लागली. "माझ्याकडं बघ, पोरी. दम खा. मी आहे ना इथं!" ते हात कापत होते, पण मैनेला तेवढ्यानेच धीर आला.

गजराने वेढा सोडवला. बाळ बाहेर आलं. गजराने त्याची पाठ चोळली. मग बाळ असं काही रडलं, की अंगणात बसलेला म्हातारा कुंभार आनंदाने नाचायलाच लागला.

घरी परतताना आजी गप्प होती. गजराला वाटलं, सासू रुसली. ओढ्यापाशी आजी मटकन खाली बसली, पदरात तोंड घालून रडली आणि रडता रडता हसायला लागली.

"अगं, मला वाटायचं, हे काम सुटलं तर माझा जीव जाईल. उलट छातीवरचा धोंडा उतरला बघ! तुला एवढं येत होतं, तर इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही हात मागं घेतल्याशिवाय मी माझा पुढं कसा करणार, आत्या?"

आजीने काम एकदम टाकलं नाही. आधी वरच्या वाड्या गजराकडे दिल्या. पहिल्याच खेपेला मात्र तिला राहवेना. ती मागोमाग निघाली आणि निम्म्या चढावर धापा टाकत बसली. वरून लाकडाची मोळी घेऊन उतरणारी बाई म्हणाली, "आजी, इथं काय करताय? मुलगी झाली, मायलेकी छान आहेत. गजरा पेज पितेय." आजी ओशाळली आणि निमूट घरी आली. पुन्हा काही ती मागे गेली नाही.

पुढे गावातही ती फक्त बाळंतिणीच्या उशाशी बसायला जाऊ लागली. हळूहळू तेही कमी केलं. इतकी वर्षं एक बाळ जन्मलं, की लगेच दुसऱ्या घरचं बोलावणं यायचं. ज्यांना जगात आणलं, त्यांच्याकडे धड बघायलाही सवड मिळाली नव्हती. आता सकाळच्या उन्हात बायका आपली बाळं घेऊन तिच्या ओसरीवर येत. ती त्यांना पायांवर घेई, कोमट तेलाने चोळी, त्यांच्याशी गप्पा मारी. जेवताना कुणी हाका मारत आलं तर, "गजरा, तुला बोलावतायत गं," म्हणून ती शांतपणे पुढचा घास घेई.

गजराने पुढे वरच्या वाडीतल्या दोन बायकांनाही हे काम शिकवलं. त्यामुळे पाऊस असो की पूर, वाडीवरच्या कुठल्याच अडलेल्या बाईला पायथ्याकडे डोळे लावून बसावं लागलं नाही.

म्हणून बाळांनो आणि थोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: ज्या कामावर आपला जीव आहे, ते वेळेवर दुसऱ्याच्या हाती सोपवावं, म्हणजे कामही टिकतं आणि आपणही मोकळे होतो.