न हललेलं मडकं

फार जुनी गोष्ट, तळ्यांना राखणदार नसायचे तेव्हाची. एका गावात एक शिकारी होता. बदकं पकडण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

त्या गावची रीत अशी. थंडी पडली की तळ्यात रिकामी मडकी तरंगत सोडायची. बदकं त्यांना सरावली की शिकाऱ्याने डोळ्यांपुरती भोकं पाडलेलं एक मडकं डोक्यावर पालथं घालायचं, गळाभर पाण्यातून हळूहळू सरकायचं आणि बदकाचे पाय खालून पकडून त्याला पाण्याखाली ओढायचं. होळी जवळ आली की पाणी ओसरून गाळ वर येई. मग सगळे आपापली मडकी घरी नेत. याची मात्र अजून तळ्यातच होती.

"अहो, आता पुरे करा. गाळाचा भरवसा नाही," बायको म्हणाली.

"शेवटचा एक नर पकडतो. तू लव्हाळ्याआड बस, आणि तोंडातून शब्द काढू नकोस."

वारा सुटला होता, म्हणून त्याने मडकं हनुवटीखाली दोरीने घट्ट बांधलं. मोठा हुशार ना तो!

थव्यातल्या सर्वांत मोठ्या नराचे पाय त्याच्या हाती आले आणि त्याच क्षणी त्याचे स्वतःचे पाय गाळात गेले. आधी घोटे, मग गुडघे. तो ओरडला, पण आवाज मडक्यातच घुमला. दोरीची गाठ एका हाताने सुटेना. दुसऱ्या हातात नर होता, आणि तो सोडवेना.

पाणी हनुवटीला लागलं. ओठांना लागलं. तेव्हा कुठे त्याने मूठ उघडली.

नर ओरडत वर आला आणि अख्खा थवा उडाला. बायको घाबरून उठली. आपला नवरा यातल्या कोणत्या मडक्याखाली आहे, हे तिला कळेना. लाटांनी सगळी मडकी डुलत होती. एकच हलत नव्हतं.

तिने मडकी ढकलायचा लांब बांबू तिकडे सरकवला. दोन्ही हातांनी तो घट्ट धरून शिकारी इंच इंच काठाला आला. तिने विळ्याने दोरी कापली. तो बराच वेळ नुसता खोकत होता.

त्यानंतर दरवर्षी गावात सगळ्यांच्या आधी त्याची मडकी घरी येऊ लागली.

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, एवढं लक्षात ठेवा: वेळेवर मूठ सोडणाऱ्यालाच मदतीचा हात धरता येतो.