खाणीतले खांब

पूर्वी हेमावती नगरीत अंगतेज नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या एका श्रेष्ठीच्या कुळात जन्मला आणि वाडवडिलांची तांब्याची खाण चालवू लागला. खोदताना जागोजागी दगडाचे जाड खांब तसेच राखले जात. वरचा सगळा डोंगर त्यांच्यावरच तोललेला असे. त्यांना कोणी हात लावायचा नाही, असा बोधिसत्त्वाचा दंडक होता.

आता गंमत अशी, की खाणीतले सर्वांत कसदार तांबे नेमके त्या खांबांतच उरले होते. बोधिसत्त्वाचा चुलतभाऊ आणि भागीदार नंदिय याच्या मनातून ते जाता जाईना. त्यातच राजाने दवंडी पिटवली. देवालयाच्या दारासाठी सणाआधी जो तांबे पुरवील, त्याला राजश्रेष्ठीचे पद मिळणार होते. नंदियाच्या तोंडाला पाणी सुटले. दरबारात कोणता शेला पांघरून जायचे, हेही त्याने ठरवून टाकले.

बोधिसत्त्व परगावी गेल्याची संधी साधून त्याने खांब फोडायचा हुकूम सोडला. खाणकरी जागचे हलले नाहीत. त्यांचा म्होरक्या सोणक म्हणाला, "मालक, खांब गेला की डोंगर अंगावर येईल. आम्ही नाही उतरणार."

"मग खाणीवरच्या झोपड्या रिकाम्या करा!" नंदिय कडाडला. "मला माणसांना तोटा नाही."

बायका मुकाट्याने भांडीकुंडी बांधू लागल्या. पोरे रडू लागली. तेवढ्यात बोधिसत्त्व परतला, तसा नंदिय तावातावाने त्याच्याकडे गेला. "दादा, ही माणसं फार शेफारलीत. एका खांबानं असं काय होणार आहे?"

"काही होणार नसेल, तर चल," बोधिसत्त्व म्हणाला. "आपण दोघंच फोडू."

नंदियाला नाही म्हणता येईना. दोघे हातोडा घेऊन आत उतरले. बोधिसत्त्व एका खांबाला पाठ टेकून स्वस्थ बसला. "घाल घाव," तो म्हणाला.

नंदियाने हातोडा उचलला. तेवढ्यात छतातून चिमूटभर माती सुटून त्याच्या मानेवर पडली. त्याने वर पाहिले. एवढा मोठा डोंगर आपल्या डोक्यावर आहे, हे त्याला जन्मात पहिल्यांदा जाणवले. हातोडा टाकून तो जो पळत सुटला, तो उजेडात येईपर्यंत थांबला नाही.

"आत इतकं भय आहे, हे मला कुठे ठाऊक होतं?" तो धापा टाकत म्हणाला.

"सांगितलं होतं की," सोणक म्हणाला.

मागून बोधिसत्त्व सावकाश बाहेर आला. "त्यांनी सांगितलं तेव्हा तुला पटलं नाही, नंदिया. स्वतःच्या जिवावर आलं तेव्हा पटलं. यापुढे कुठला दगड फोडायचा आणि कुठला राखायचा, हे आत उतरणारे ठरवतील. नकार दिला म्हणून कोणाची झोपडी जाणार नाही." खाली वाकून नंदियाने बायकांच्या बोचक्यांच्या गाठी सोडायला सुरुवात केली.

बोधिसत्त्व राजाकडे गेला आणि खांब फोडल्याशिवाय सणाआधी एवढे तांबे देता येणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले.

"राजश्रेष्ठीपद हातचं जाईल," राजा म्हणाला.

"जाऊ द्या, महाराज. माणसं गाडून काढलेल्या तांब्याचं दार उघडून मी देवापुढे कोणत्या तोंडानं उभा राहू?"

मग राजाने दार लाकडाचे करायला सांगितले. राजश्रेष्ठीपद त्या वर्षी कोणालाच मिळाले नाही, आणि खाणीतून मात्र प्रत्येक जण आपल्या पायांनी घरी येत राहिला.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आनंद, सोणक म्हणजे सारिपुत्र आणि तो श्रेष्ठी मीच होतो. नंदिय इथेच बसला आहे. काल तापाने फणफणलेल्या सोबत्याच्या डोक्यावर ज्याने आपले ओझे दिले, तोच तो."

मागच्या ओळीतल्या एका भिक्षूने मान खाली घातली.

"दुसऱ्याचा जीव आपल्या जिवाइतकाच मोलाचा मानणे," शास्ता म्हणाले, "हीच करुणा."