तोतया सरदार आणि संजीवन पाणी

एका राज्यात बारा सरदार होते खानदानी, आणि तेरावा होता तोतया. दुर्जयसिंह म्हणवणारा हा मुळात धानू परीट. धुवायला आलेला जरीचा अंगरखा अंगात घालून दरबारात जाऊन बसला, तो बसलाच. थापाडा होता, मानाला हपापलेला होता. त्याची भलामण मी करणार नाही.

राजकन्या हेमकळा एका शापाने पायांकडून दगड होत चालली. राजाने दवंडी पिटली, "काळ्या डोंगरावरचं संजीवन पाणी आणील त्याला अर्धं राज्य!" असल्या कामाला सरदार स्वतः जात नसत, तशी रीतच नव्हती. बाराजणांनी एकेक सेवक धाडला. एकही परतला नाही. धानूकडे सेवक कुठला? अर्ध्या राज्याची हाव सोडवेना, म्हणून तो स्वतःच निघाला.

पहिल्या वळणावर राक्षसिणीने काळी घोंगडी पांढरी धुऊन मागितली. ते त्याचं पिढीजात काम. दुसऱ्या वळणावर नागाने जरीचा अंगरखा मागितला. तो त्याने रडत रडत दिला. तिसऱ्या वळणावर झरा होता कोरडा, आणि भोवती दगड झालेले बारा सेवक.

झऱ्यावरची मैना म्हणाली, "यांना नावाने उठव. झरा वाहील. एक नाव चुकलं तर तूही दगड."

सरदारकीचा तोरा धानू चोरून शिकला होता तो या सेवकांकडूनच. मुजरा कसा घ्यावा, विडा कसा धरावा, सगळं त्यांनीच दाखवलेलं. "ऊठ रे केरू! ऊठ भिवा! लखू, ऊठ बाबा!" बारा नावं, बारा माणसं. झरा वाहू लागला.

"पाणी शिंपताना आपलं खरं नाव सांग," मैना म्हणाली, "नाहीतर त्याची वाळू होईल."

तोतयाला त्या राज्यात सूळ होता. पाणी भरून, बाराही सेवकांना घेऊन धानू परतला, पण वेशीवर थबकला. पळून जावं असंही त्याला वाटलं. तरी आत गेला. दगड पोरीच्या गळ्याशी आला होता.

"मी धानू परीट," तो म्हणाला आणि पाणी शिंपलं. हेमकळेने श्वास घेतला. शाप सरला.

"धरा त्या तोतयाला! सुळावर द्या!" बारा सरदार ओरडले.

बारा सेवक जागचे हलले नाहीत. स्वतः पुढे व्हावं, तर सरदारांना ती सवयच नव्हती.

राजाने सगळं पाहिलं. म्हणाला, "पोर वाचवलीस, सूळ माफ. शब्दाप्रमाणे अर्धं राज्य तुझं."

धानूने हात जोडले. "आणि महाराज, तेवढी सरदारकी?"

"ती नाही. ती खोटी होती."

अर्धं राज्य मिळूनही धानूचं तोंड उतरलं.